‘ढोलासमोर उभं करा, सवय होईल’: नाही होणार

गणपती जवळ आले की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. मूल कानावर हात ठेवतं कारण तुम्ही त्याला आवाजाची सवय लावलेली नाही. त्याला ढोल-ताशासमोर उभं करा, दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी नाचेल. हेडफोन दिलेत तर ते कायमचं नाजूक राहील. रडलं म्हणून बाजूला नेलंत तर हट्ट जिंकला. आणि आमच्या लहानपणी असली थेरं नव्हती. शेवटी हात जोडलेले: प्रत्येक आईबापापर्यंत पोहोचवा.

यातला पहिला मुद्दा बहुतेक मुलांच्या बाबतीत खरा ठरतो, म्हणूनच हा मजकूर टिकून आहे. ताशाला दचकणारं पोर पुढच्या वर्षी बाबाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटतं. पण ज्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांना आवाज, स्पर्श, उजेड सोसत नाही, त्यांच्यात सवय होण्याची ही क्रियाच नीट चालत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१५ सालचा अभ्यास याच प्रश्नावर होता. मुलांच्या मेंदूचं स्कॅन चालू असताना त्यांना रहदारीचा गोंगाट ऐकवला, अंगाला खरखरीत लोकर लावली. मेंदूतला अमिग्डाला नावाचा, धोका ओळखणारा भाग इतर मुलांमध्ये हळूहळू शांत होत गेला. ज्या स्वमग्न मुलांना संवेदना फार बोचतात, त्यांच्यात तो तसा शांत झाला नाही.

मग तिसऱ्या दिवशी काय होतं? काही मुलं खरंच रडायची थांबतात. गप्प होतात, नजर कुठेतरी लागलेली, हाक मारली तर ओ नाही. नातेवाईक म्हणतात, ‘बघा, झाली की नाही सवय!’ ते मूल आतून मिटलेलं असतं, आणि दोन दिवसांनी शाळेत जायच्या वेळी बूट फेकून देतं तेव्हा त्याचा संबंध कुणी मिरवणुकीशी जोडत नाही.

आता ‘सवय’ नेमकी कशाची लावायची तेही पाहू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचा आवाज मोजतात. अलीकडच्या वर्षांतले आकडे शंभराच्या आसपास आहेत. डेसिबलची मोजणी पायरीची असते, दर दहाला ध्वनीची ऊर्जा दसपट. म्हणजे ५५ ते १०० हा फरक तीस हजार पटींहून मोठा झाला. हा आवाज कुणाच्याच कानाला मानवणारा नाही. मोठी माणसं सोसतात, मूल सोसत नाही, आणि आपण दोष मुलाला देतो.

सवय लावूच नये असं मी म्हणत नाही. फक्त दोरी मुलाच्या हातात हवी. घरी मोबाईलवर ढोलाची चित्रफीत लावा, आवाज अगदी बारीक, आणि कमी-जास्त करायचं बटण त्याच्या बोटाखाली. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो, तो पुलावरून, लांबून दाखवा. मूल खुशीत असतानाच परत फिरा. कंटाळेपर्यंत थांबलात की पुढच्या वेळी ते यायलाच नको म्हणेल. आरतीला त्याच्याच हातात घंटा द्या. आपण स्वतः केलेला आवाज कधी येणार हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे तो कमी बोचतो. मिक्सर लावण्याआधी ‘लावतेय हं’ एवढं सांगणं, कुकरच्या किती शिट्ट्या होणार ते आधी सांगून ठेवणं, हेही त्याच जातीचे उपाय. फुकटचे आहेत, म्हणून बहुधा कुणी फॉरवर्ड करत नाही.

हेडफोनच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. दिवसचे दिवस कानात बोळे घालून ठेवले तर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून कर्णरक्षक सकाळपासून झोपेपर्यंत लावून ठेवायचे नाहीत. मिरवणूक, लग्नातला बँड, शाळेचं गॅदरिंग, फटाके एवढ्यापुरते. शांत जागी आलो की काढायचे. आणि बाहेरचा आवाज कापणारे महागडे बॅटरीवाले हेडफोन घेण्याआधी विचार करा: ते पंख्याची, विमानाची एकसुरी घरघर छान कापतात, अचानक फुटणाऱ्या सुतळी बॉम्बपुढे त्यांचा तेवढा उपयोग नाही. कारखान्यातले कामगार वापरतात तसे साधे, कान पूर्ण झाकणारे बहुतेकदा पुरतात. वर्गात लावू देत नाहीत? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं ही शाळेची जबाबदारी आहे. तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात. (वजनदार पांघरुणांच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत स्वमग्न मुलांची झोप त्यांनी वाढली नाही. मुलांना ती आवडली, हे खरं.)

राहिला हट्ट. हट्ट करणारं मूल मध्येच डोळा किलकिला करून तुम्ही बघताय का ते पाहतं, आणि फुगा मिळाला की थांबतं. संवेदनांचा भडिमार झालेल्या मुलाला फुगा द्या, चॉकलेट द्या, काही पोहोचत नाही. त्या वेळी प्रश्न विचारू नका, ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नका, चार जणांनी चार बाजूंनी समजूत घालू नका. जिन्याखाली, गाडीत, मांडवामागे, जिथे आवाज कमी तिथे न्या आणि गप्प बसा. घट्ट मिठी काहींना हवी असते, काहींना नकोशी. हे आधी माहीत करून घ्यायचं. ओसरल्यावर ते थकतं, बरेचदा झोपतं. खरं तर इतकी वेळ येऊ द्यायची नाही. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, स्वतःशी मोठ्याने गुणगुणणं, शर्टाची कॉलर चावणं यांपैकी आपल्या मुलाची खूण कोणती ते घरच्यांना कळतं. ती दिसताच निघायचं, आरती अर्धी राहिली तरी.

‘आमच्या वेळी नव्हतं’ याला उत्तर १९४३ सालचं आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करणारा निबंध लिहिला, त्यातूनच स्वमग्नता वैद्यकात आली. त्यात लिफ्टला, धूळ ओढायच्या यंत्राला घाबरणारी मुलं आहेत; त्यांतलं एक मूल ते यंत्र ठेवलेल्या कपाटाच्याही जवळ जात नसे. स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत आवाज-स्पर्श न सोसण्याचा हा मुद्दा स्पष्टपणे यायला मात्र २०१३ साल उजाडलं. आपल्याकडे अशी मुलं होतीच. त्यांना भित्रा, हट्टी, वेडसर म्हणायचे आणि सणाला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवायचे.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर मंडळाच्या ग्रुपवर दुसरा पाठवा: मिरवणूक आपल्या गल्लीतून किती वाजता जाणार? तेवढं दोन दिवस आधी कळलं, तर त्या वेळेला मुलाला मावशीकडे नेता येतं, आणि सकाळी मांडव रिकामा असताना दर्शनही करून घेता येतं.