रॅम्पचे पैसे म्हणे परत चालले

सकाळी सहाला आत्याचा फोन. "रॅम्पचे पैसे दिल्लीला परत चालले म्हणतात, मग आम्ही मासळी घेऊन बसायचं कुठे रे?" पस्तीस वर्षं, होड्या उतरवायच्या जुन्या रॅम्पच्या तोंडाशी पाटी घेऊन बसणारी बाई, तिला हा मेसेज तिघांनी पाठवला. झालंय एवढंच की रॅम्प बाजारातून खाडीच्या आतल्या अंगाला हलवायचा ठराव नगरपरिषदेने परत चर्चेला घेतला, आणि मेसेज काय तर 'मूठभर विरोधकांमुळे अनुदान बुडणार'.

त्यातला सगळ्यात भारी मुद्दा, 'नवीन जागी पाणी शांत, चोवीस तास होड्या उतरतील'. लिहिणारा ओहोटीला तिथे उभा राहिलाय का कधी? मी गेलो होतो अमावस्येला, उधाणाची ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं आणि मध्ये नुसता चिखल, पाय घातला तो गुडघ्यापर्यंत आत, चप्पल अजून तिथेच आहे. अहो पाणी शांत आहे म्हणूनच तर गाळ बसतो! जुन्या जागी ओढ आहे म्हणून उतार धुवून निघतो. दरवर्षी गाळ काढायचा कोणी हे मेसेजमध्ये नाही, म्हणजे आपली घरपट्टी आलीच. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्याआधी सगळ्या होड्या उधाण बघून वर ओढायच्या, शाकारायच्या, नवीन जागेच्या मागे कांदळवन, होड्या ठेवणार काय झाडावर?

'पैसे परत जाणार.' अर्धं खरंय, मुदत असते, नाही म्हणत नाही. पण केंद्राचे 2017 चे सामान्य वित्तीय नियम कोणीही वाचू शकतं. अनुदान ज्या कामाला दिलं त्याच कामाला वापरल्याचा दाखला द्यावा लागतो. आणि मेसेजवाले हे सांगत नाहीत की अनुदानातून उभी राहिलेली मालमत्ता मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही की दुसऱ्या कामाला लावता येत नाही. म्हणजे चिखलात रॅम्प बांधलात की तो चिखलातला रॅम्पच राहणार, त्याचं पार्किंगसुद्धा करता येणार नाही. मग विचार आत्ता करायचा की काँक्रीट ओतल्यावर? जागा बदलायची तर मंजुरी देणाऱ्याला आधी विचारा, पत्र लिहायला किती दिवस लागतात?

'शंभर टक्के केंद्राचा पैसा' हेही खोटं. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत असल्या सार्वजनिक कामांना आपल्याकडे 60 टक्के केंद्र, 40 टक्के राज्य. 'जुनाच रॅम्प हलवतोय, परवानगी कशाला' याला काय बोलणार, भरती-ओहोटीच्या मधला पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रात येतो, जेटी-रॅम्प चालतात पण परवानगी घेऊन.

बाजारातल्या गर्दीचं मात्र खरं आहे, बर्फाचा टेंपो आणि एसटी समोरासमोर आली की अर्धा तास गेला. त्याला टेंपोची वेळ ठरवून द्या, रॅम्प कशाला हलवता?

मेसेज पाठवणाऱ्या तिघांत एक माझा चुलतभाऊ आहे. येत्या पौर्णिमेच्या ओहोटीला त्याने यावं माझ्याबरोबर, गमबूट मी देतो.