दट्ट्या म्हणजे नळ नव्हे

पत्ती खाली दाबायचा दट्ट्या असलेल्या किटलीतल्या चहाबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘दट्ट्याच्या किटलीत सुट्टी पत्ती घाला, उकळतं पाणी ओता, ६ मिनिटं थांबा, हे आंतरराष्ट्रीय प्रमाणच आहे. मग दट्ट्या दाबला की चहा मुरायचा थांबतो, सावकाश प्या. कडक हवा तर जोरात दाबा. कॅफीन नको असेल तर पहिल्या ३० सेकंदांचं पाणी फेकून द्या.’

मुरायचं थांबतं, हे अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याने जास्त घोळ होतो. खास चहासाठी बनवलेल्या किटलीत मधोमध एक लांबट गाळणी असते. बऱ्याच किटल्यांत तिला भोकं फक्त वरच्या भागात असतात, तळ वाटीसारखा बंद. दट्ट्याने पत्ती त्या वाटीत जाऊन बसते आणि बाहेरच्या पाण्याशी तिचा संबंध जवळजवळ तुटतो. अट एकच, पत्ती वाटीत मावली पाहिजे. मोठ्या पानांची पत्ती भिजून कितीतरी पट फुगते. हात सैल सोडून घातली असेल तर ती भोकांपर्यंत येते आणि दट्ट्या नावापुरता उरतो.

कॉफीच्या फ्रेंच प्रेसमध्ये मात्र अशी वाटीच नसते. सपाट जाळी पत्तीला तळाशी ढकलते, एवढंच. जाळीतून पाणी आरपार जातंच. काचेचा प्रेस उजेडात धरून बघा. तळाशी गडद थर दिसतो आणि कपात ओतायला भांडं कललं की तो वर चढतो. मी एकदा पहिला कप लगेच ओतला आणि दुसरा पंधरा मिनिटांनी. दुसऱ्याने जीभच धरली, इतका तुरट. तेव्हापासून चहा मुरला की सगळाच्या सगळा दुसऱ्या भांड्यात ओततो.

जोरात दाबून चहा कडक होत नाही. कडकपणा येतो पत्तीच्या प्रमाणातून आणि वेळेतून. जोराने फक्त चुरा जाळीच्या कडेने वर येतो, आणि काचेचं भांडं असेल तर धोका वेगळाच.

राहिलं ते ‘प्रमाण’. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ३१०३ क्रमांकाचं प्रमाण खरंच आहे: १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, ६ मिनिटं. पण ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे. वेगवेगळे नमुने एकाच मापाने जोखायचे, त्यांचे दोषही उघडे पडायचे, यासाठी. त्यात रोज प्यायच्या चहाची कृती शोधणं म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेला गोष्टीचं पुस्तक समजणं. (याच कृतीच्या ब्रिटिश प्रमाणाला, बीएस ६००८ ला, १९९९ मध्ये इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं विनोदी पारितोषिक, मिळालं होतं!) काळ्या चहाला उकळतं पाणी ठीक, पण घरी ३ ते ४ मिनिटं पुरतात. हिरव्या चहाला पाणी ७० ते ८० अंशांचं हवं, नाहीतर तो लवकर कडू होतो. वेळही दोनेक मिनिटंच.

आणि ३० सेकंदांचं पाणी? तेवढ्या वेळात कॅफीनचा थोडासाच भाग पाण्यात उतरतो. बराचसा पत्तीतच राहतो. फेकलं जातं ते जास्त करून सुगंधाचं पहिलं पाणी. रात्री झोप हवी असेल तर पत्ती कमी घाला, नाहीतर सरळ डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेला चहा, आणा.