चेंबरले मॅग्नेटवाला नट: पैसे वसूल का निरा शौक?

आमच्या आर्वीकडे पोट्टे आता गाडीच्या चेंबरले (इंजिनखालची ऑइलची टाकी) ऑइल काढाच्या भोकात मॅग्नेटवाला नट लावून राह्यले, मोबाइलवरून मागवते, मिस्त्रीकडून बसवून घेते अन सांगते का इंजिनची लाईफ डबल झाली. काहून होईन बापा डबल?

मॅग्नेट पकडते फक्त लोखंड. क्रँक, कॅम, टायमिंग चेन, पिस्टनच्या रिंगा, यायचा बुरा पकडन, त्यात वाद नाही. पण पिस्टन असते अल्युमिनियमचा, बेअरिंगच्या शेलवर अल्युमिनियम नाहीतर तांबं-शिसं, ते त्याच्या बाजूनं निघून जाते. अन आपला खरा दुश्मन तं धूळ हाय ना, कापूस वेचणीत पांदणीनं गाडी काढा अन मंग एअर फिल्टर झटकून पाहा. त्या धुळीतली रेती मॅग्नेटले विचारत नाही. (नदीच्या रेतीत मॅग्नेट फिरवला तं काळे कण चिकटते, मान्य, आपल्या काळ्या दगडातलं मॅग्नेटाइट हाय ते, पण बाकीची रेती तशीच राह्यते अन इंजिन घासते.)

दुसरं, पंपातून ऑइल आधी फिल्टरमध्ये जाते, मंगच बेअरिंगवर. फिल्टर चोक झाला तं बायपास व्हॉल्व्ह उघडते अन न गाळलेलं ऑइल पुढे जाते, तेवढ्या वेळापुरता मॅग्नेट कामाचा म्हणा. पण मंग फिल्टरच बदला ना राजेहो! ऑइल बदलाचं अन जुना फिल्टर "अजून चांगला हाय" म्हणून तसाच ठेवाचा, हे आपल्याकडे लय चालते.

अजून एक, साध्या निओडिमियम मॅग्नेटची ताकद 80 डिग्रीच्या वर उतराले लागते, अन गरम इंजिनात ऑइलच 90-100 च्या घरात. मे महिन्यात भर दुपारी वर्ध्याच्या रोडनं एसी लावून चाला, मंग तं पाहालेच नको. जास्त उष्णता सोसणारे मॅग्नेट असते, पण स्वस्तातल्या नटात कोणता टाकला हे कोण सांगन?

मॅग्नेट लावाचाच असन तं गेअरबॉक्सले लावा, अन बोलेरोसारखी गाडी असन तं मागच्या हौजिंगले (मागच्या चाकायच्या मधातली गेअरची पेटी). तिथं सगळे दात लोखंडी अन साध्या मॅन्युअल गेअरबॉक्सले फिल्टर नसतेच, बऱ्याच गाड्यायले तं कंपनीतूनच मॅग्नेट येते. गेअर ऑइल काढलं का तो नट पुसाच्या आधी त्याच्यावरचा काळा लगदा दोन बोटांत चोळून पाहाचा. काजळासारखा मऊ लागला तं काही टेन्शन नाही, एवढी घिसाई होतेच. बोटाले टोचलं, किंवा चमकणारी कपची नाहीतर दाताचा तुकडा दिसला, तं मिस्त्रीले तिथंच थांबवा अन गेअरबॉक्स, नाहीतर हौजिंगचा नट असन तं क्राउन-पिनियन (हौजिंगमधले गेअर) खोलून पाहा. मले मॅग्नेटचा खरा उपयोग हाच वाटते, आत काय चाललं ते आधी समजते.

अन इंजिनले लावलाच असन तं वायसर नवीन टाका, अन मिस्त्रीले लंबा पाना घेऊन लटकू देऊ नका, चेंबर अल्युमिनियमचा असला तं चुड्या (भोकातले आटे) जाते अन मंग त्या नटापायी आख्खा चेंबर उतरवा लागते.

कोणाच्या हौजिंगच्या नटावर तुकडे निघाले असन तं फोटो टाका खाली.