ब्रदर सुपिरिअर का होत नाहीत?

आमच्या मिशनच्या शाळेत एक ब्रदर होते, म्हणजे व्रतं घेतलेले ख्रिस्ती संन्यासी, पण फादर नव्हेत. बाकं दुरुस्त करणं, बोर्डिंगचा बाजार आणणं, बोअरची मोटर जळाली की धावणं, सगळं त्यांच्याकडं. पांढरा झगा सणालाच, एरवी खाकी पँट आणि कानामागं पेन्सिल. तास चुकवून सुतारकामाच्या खोलीमागं सापडलो की ओरडायचे नाहीत. "काय करूलायस रे? धर हे," म्हणून रंधा हातात द्यायचे.

फादर (धर्मगुरू) बदलून यायचे, सुपिरिअर म्हणजे संघाच्या तिथल्या घराचे प्रमुख व्हायचे, जायचे. ब्रदर तिथंच. मला वाटायचं शिक्षण कमी असेल. नंतर कळलं, दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं दोघांचीही तीच. ब्रदरला धर्मगुरूपदाची दीक्षा नाही, एवढ्यावरून अधिकारपद नाही.

त्यांचा संघ येशूसंघ, म्हणजे जेझुइट, कॅथलिक संन्याशांचा, 1540 सालचा. बदलत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूरला जाऊन बघा, भगवी कफनी घातलेले जेझुइट मठात राहतात, लिंगायत स्वामींसारखे. 2016 मध्ये व्हेनेझुएलाचे आर्तुरो सोसा जनरल, म्हणजे संघाचे सर्वोच्च प्रमुख झाले, युरोपाबाहेरचे पहिलेच. 1965 च्या सुमारास संघात 36 हजार माणसं होती, आता 14 हजारांच्या आसपास. त्यातली जवळपास चौथाई दक्षिण आशियातली, बहुतेक भारतातली. म्हणजे पोशाख बदलला, चेहरा बदलला. खुर्ची मात्र फादरांचीच.

मे 2022 मध्ये पोप फ्रान्सिसनी (तेही जेझुइटच) धर्मगुरूंच्या संघांसाठी दार किलकिलं केलं. ब्रदरला एखाद्या घराचा सुपिरिअर करायचा तर संघाच्या सर्वोच्च प्रमुखानं सल्लागारांच्या संमतीनं नेमावं. प्रांताचा प्रमुख करायचा तर व्हॅटिकनची लेखी परवानगी हवी. माझ्या मते ही परवानगीची अट अजून जुन्याच मनाची आहे. चाळीस वर्षं बोर्डिंग चालवलेल्या माणसाला प्रांत चालवता येईल का, हे रोमला काय विचारायचं?

परवा ब्रदरना भेटलो, हे सांगितलं. "मला कशाला रे ते? मीटिंगा करत बसू?"

हाच नम्रपणा मला पटत नाही. जेझुइटांत वरिष्ठ फादर आणखी एक वचन देतात, संघात पदाच्या मागं लागणार नाही, कुणी लागलाच तर वर कळवीन. (आमच्या तालुका पंचायतीत हे लावलं तर सभागृह रिकामं!) तेच त्यांना सुनावलं, "ब्रदर, नको म्हणणाराच चालतो की तुमच्याकडं."

ते हसले नाहीत. थोडा वेळ खिडकीकडं बघत बसले, मग म्हणाले, "तीस वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर होय म्हटलं असतं."