'कंपू करून बसतात, म्हणून मागे पडतात' म्हणे!

भाची एमएस करायला टेक्सासला निघालीय. परवा तिच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. अमेरिकेतली लॅटिनो मुलं (म्हणजे मेक्सिको वगैरे लॅटिन अमेरिकी देशांत मूळ असलेल्या घरांतली) कोट्यातून कॉलेजात शिरतात, बहुतेक बेकायदा घुसलेली असतात, सुटी दिसली की घरी पळतात, आपल्याच लोकांचे क्लब काढून बसतात आणि म्हणून डिग्री अर्धवट सोडतात. वर पोरीला सल्ला: 'ह्यांच्यापासून लांबच राहा.' टेक्सासची साधारण चाळीस टक्के वस्ती लॅटिनो आहे. लांब म्हणजे नेमकं कुठे राहायचं तिनं?

कोट्याचं काय सांगता? वंशावर आधारलेला कोटा तिथल्या सुप्रीम कोर्टानं 1978 सालीच घटनाबाह्य ठरवला आणि 2023 मध्ये प्रवेश देताना वंश बघणंही जवळपास बंद केलं. 'घुसलेली' म्हणाल, तर तिथल्या अठरा वर्षांखालच्या लॅटिनो मुलांपैकी दहात नऊहून जास्त अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे जन्मानंच नागरिक. आणि टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोचंच होतं, हेही जाता जाता.

घरी पळतात? त्यांतली कितीतरी मुलं घरीच राहतात, कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे गावातल्याच स्वस्त, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) जातात आणि उरलेल्या वेळात नोकरी करतात. संध्याकाळी कॅम्पसवर कार्यक्रम असतो तेव्हा ती कुठेतरी शिफ्टवर असतात. पदवी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा कमी आहे, तेवढं खरं, मान्य. पण त्याचं खापर क्लबवर?

आता ह्या क्लबांबद्दल. घरापासून तुटल्याशिवाय मूल कॉलेजात रुजत नाही, असा एक सिद्धांत व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाच्या नावानं बरीच वर्षं चालला. 1997 मध्ये सिल्व्हिया हुर्टाडो आणि डेबोरा कार्टर या संशोधकांनी खुद्द लॅटिनो विद्यार्थ्यांवरच तो तपासून पाहिला. निघालं जवळजवळ उलट. धार्मिक आणि समाजाच्या संस्थांत असलेल्या मुलांना 'हे कॉलेज आपलं आहे' असं जास्त वाटत होतं. वर्गाबाहेर इतरांशी अभ्यासावर बोलणाऱ्यांनाही. ही भावना कमी होत होती ती कॅम्पसवर वंशावरून तेढ जाणवली की. अभ्यास जुना आहे, कबूल. फॉरवर्डला तर तेवढाही आधार नाही.

आणि हे क्लब करतात तरी काय? हिस्पॅनिक (साधारण लॅटिनोच) इंजिनिअरांची संस्था 1974 साली लॉस एंजेलिसमध्ये निघाली. आज तिच्या शाखा कॉलेजाकॉलेजांत आहेत. तिथे सीनियर पोरं ज्युनियरांना इंटर्नशिपची वाट दाखवतात. घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसेल, तर हे सांगणार कोण?

ह्याच काकांचा मुलगा तिकडच्या युनिव्हर्सिटीत इंडियन स्टुडंट्स असोसिएशनचा सेक्रेटरी आहे. गेल्या वर्षी त्यानं ढोल मागवून गणपती बसवला, त्याचे फोटो ह्याच ग्रुपवर आले होते. खाली काकांचा मेसेज: 'परदेशातही आपली माणसं धरून आहे. अभिमान वाटतो.'