आयोजक व्हा, पण आकडा बोलू नका

आयोजक व्हायचं मनावर घेतलंत, फार चांगलं केलंत. डिसेंबरात टेनिस बॉलचा चषक, समारोपाच्या रात्री त्याच मैदानावर संगीत रजनी, आणि दोन्हींचा खर्च भागून वर चार पैसे, ते नाही तर निदान चार फोटो हाती लागावेत, एवढीच तुमची माफक अपेक्षा आहे. मैदान मिळतं, मांडववाला मिळतो, पोलीस ठाण्याचं पत्रही चकरा मारून मिळतं. नवा माणूस गोत्यात येतो तो बोलण्यात. पैशाची गोष्ट कुणापाशी आपण होऊन काढायची आणि कुणी काढली तर आपल्याला रेंज नाही असं सांगायचं, एवढं उमगलं की बाकीचं जमत जातं.

देणाऱ्याशी संकोच नको. तिथे आकडा आधी, नमस्कार नंतर. बिल्डर, ज्वेलर्स, क्लासेस, पतपेढी आणि नवं सुरू झालेलं डेंटल क्लिनिक, या पाच दारांतून चषक उभा राहतो. दरपत्रक छापून ठेवा. कमान वेगळी, साइट स्क्रीन वेगळी, टी-शर्टची छाती वेगळी, पाठ वेगळी. पाण्याच्या जारलाही सौजन्य असतं. फ्लेक्सवरचा चेहरा किती मोठा, ते वर्गणी पाहून ठरवावं. माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक यांच्यामध्ये किमान एक ज्वेलर्स असू द्या. समालोचक तर असा निवडा, की चेंडू हवेत असताना दोन प्रायोजक आणि एक पतपेढी उरकून तो झेलापर्यंत पोचला पाहिजे. (झेल सुटला तर प्रायोजकांची नावं परत घ्यायला मिळतात. जाणकार आयोजक कमकुवत क्षेत्ररक्षणाला नावं ठेवत नाहीत.)

घरोघरी वर्गणी मागणार असाल तर नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय आयुक्तांकडून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. विषय किचकट आहे. दारात उभ्या असलेल्या काकूंना त्यात कशाला ओढायचं? पावती पुस्तक चांगल्या जाड कागदाचं छापा, कुणी विचारत नाही.

आता खेळाडू. इथून पुढे आवाज खाली.

पूर्वी संघ प्रवेश फी भरायचे आणि खेळायचे. त्यात शोभा नव्हती. आता लिलाव करायचा. मंगल कार्यालयाचा हॉल, प्रोजेक्टर, गोल टेबलांवर संघमालक, प्रत्येक मालकाच्या खात्यात एक लाख पॉइंट. रुपये म्हणायचं नाही, पॉइंट म्हणायचं. पडद्यावर कुरिअर कंपनीत काम करणाऱ्या एका पोराचा फोटो येतो, गॉगल लावलेला. खाली 'ऑलराउंडर, उजवा'. बोली चढते. वीस हजार, तीस हजार, बेचाळीस हजारांना हातोडा पडतो आणि पोरगं मागच्या खुर्चीवरून उठून दोन्ही हात जोडतं. रात्रीत त्याच्या स्टेटसला 'सोल्ड' लागतं, गावाकडून आईचा फोन येतो, एवढ्या पैशाचं काय करणार रे? या लिलावात बसण्यासाठी त्याने पाचशे रुपये नोंदणी फी भरलेली असते आणि टी-शर्टाचे तीनशे वेगळे. म्हणजे विकला जाणारा मालच दुकानात बसायचं भाडं भरतो. व्यापाराच्या इतिहासात ही सोय फार कमी लोकांना मिळाली आहे, तिचा मान राखा.

चार दिवसांनी तो विचारेलच. "दादा, ते बेचाळीस हजाराचं..." लगेच हसू नका. खांद्यावर हात ठेवा आणि त्याला प्रो कबड्डीचा दाखला द्या. २०१४ साली ती लीग सुरू झाली तेव्हा कुणाला वाटलं होतं? २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख मिळाले. तो मातीतच खेळायचा, तुझ्यासारखा. टेनिस बॉलचंही तसंच. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल ही टेनिस बॉलची लीग झाली, मुंबईच्या संघाचे मालक अमिताभ बच्चन. आपली मॅच यूट्यूबवर लाइव्ह आहे, कोण कुठून बघत असेल सांगता येत नाही. हे सांगताना वर, ढगांकडे बघायचं. पोराने शेवटी निदान रिक्षाचे दीडशे रुपये मागितलेले असतात आणि तुम्ही त्याला अडीच कोटींच्या वर नेऊन ठेवलेलं असतं. तिथून दीडशे रुपये दिसत नाहीत.

एक अपवाद सांगून ठेवतो. बाहेरून आणलेला हुकमी फलंदाज. शनिवार-रविवार मैदान बदलत फिरणारी ही मंडळी वेगळीच. दर त्याचा, अटी त्याच्या, जेवण त्याच्या पसंतीचं, आणि पॅड बांधण्याआधी मोबाइल वाजून पैसे जमा झाल्याचं कळलं पाहिजे. त्याला ढगांकडे बघायला सांगून पाहा, तो घड्याळाकडे बघतो. याच्याशी बोलणं गाडीत, काचा वर करून. स्थानिक पोरांना तो आकडा कळला तर स्पर्धेच्या खिलाडू वृत्तीला बाधा येते.

बक्षिसाचा आकडा मात्र सगळ्यात मोठ्या टाइपात. १,११,१११ हा शुभ आणि छापायला सोपा. खाली, पंचांचा निर्णय अंतिम राहील याच्याही खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, प्रवेशिका कमी आल्यास रकमेत बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील. प्रवेशिका कमीच येतात. किती आल्या असत्या म्हणजे पुरेशा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. दहीहंडीवाल्यांनी ही कला आपल्यापुढे नेली आहे. फ्लेक्सवर लाखांची हंडी, दिवसभर पथकं येतात, थर लावतात, सलामीचे काही हजार घेऊन टेम्पोत बसून पुढच्या नाक्यावर जातात, आणि लाखांची हंडी रात्री उशिरापर्यंत दोरीला शांतपणे लटकत असते. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. बक्षिसाची पूर्ण रक्कम मागायला जाणं त्यात धरलंय की नाही, ते शासन निर्णयात बघायला हवं.

कुणी फारच कुरकुर केली तर परंपरेचा आधार घ्या. खाशाबा जाधवांचं नाव अशा वेळी फार कामी येतं. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कराडहून गोळेश्वरला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. बस, इथे थांबायचं. जायच्या आधी पैसे उभे राहत नव्हते, वर्गणी गोळा करावी लागली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी ७,००० रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं, आणि पदक घेऊन आलेल्या पैलवानाने ते सोडवायला कुस्त्या भरवल्या, हा भाग सांगत बसू नका. श्रोता विचारात पडतो. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, हेही नको. बैलगाड्या पुरे. बैलगाड्यांचं आपल्याकडे कधीच अडत नाही.

खेळाडू निदान हौसेने येतो, वादकाचं पोट त्यावर असतं. त्यामुळे संगीत रजनीचं बोलणं जास्त नाजूक. ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवाल्याला फोन करा. दुपारी करा, रात्रीच्या कार्यक्रमानंतर तो तेव्हाच उठलेला असतो.

"काय राजा, आहेस कुठे? तुझी आठवण काढली परवा आमदार साहेबांनी."

"बोला ना दादा. तारीख कुठली?"

"तारीख होईल रे. तू आधी सांग, सहा जणांचा सेट आणशील ना? ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन सिंगर, एक फिमेल."

"आणतो. बजेट काय आहे?"

इथे श्वास घ्या. सगळ्या धंद्याचा कणा या श्वासात आहे.

"बजेटचं तू माझ्याशी बोलणार? घरचा कार्यक्रम आहे आपला."

"तसं नाही दादा, पोरांना सांगावं लागतं."

"पोरांना सांग, पब्लिक पाच हजार आहे. यातून पुढे चार कामं मिळतील."

तो गप्प होतो. मागे त्याच्या घरात कुकरची शिट्टी होते. मग तो एक आकडा सांगतो, तो स्वतःच थोडा कमी करून सांगितलेला असतो. तुम्ही म्हणायचं, "बघू, समजून घेऊ." याचा अर्थ त्याच्या डोक्यात होकार आणि तुमच्या डोक्यात काहीच नाही, असा होतो. इसार म्हणून दोन हजार पाठवा. दोन हजार पोचले की तो ती तारीख दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. साऊंडवाल्याशी असं बोलू नये, तो बेसचे डबे उतरवण्याआधी पैसे मोजून घेतो आणि पैसे कमी निघाले तर टेम्पो वळवतो. डबे त्याच्या मालकीचे आहेत. कीबोर्डवाल्याकडे फक्त बोटं असतात.

नारायणगावच्या बाजूला चुकूनही जाऊ नका. तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रेचे पुढारी येतात, आणि राहुटीत बसून अमुक तिथीची सुपारी अमुक रुपये, असं चक्क तोंडावर बोलतात. मोठ्या तिथीचा भाव वेगळा, आडदिवसाचा वेगळा. घासाघीस होते, रुसवेफुगवे होतात, पण शेवटी आकडा कागदावर चढतो. असा उघडा व्यवहार पाहून तुमच्यासारख्या संवेदनशील आयोजकाला घेरी यायची. मनाला दिलासा हवा असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की त्या सुपारीवर फडमालकाने आधीच सावकाराकडून उचल घेतलेली असते. आणि विठाबाई नारायणगावकरांसारख्या राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या कलावतीची शेवटची वर्षंही ओढगस्तीतच गेली. २००२ साली त्या गेल्या, पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार काढला. सरकारही एक आयोजकच म्हणायचं.

कराची तरतूदही तुमच्या बाजूने आहे. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताला एका कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंत मिळाले तर त्यावर जीएसटी नाही. तुमच्या ढोलकीवाल्याला हे आवर्जून सांगा. त्याची एवढी मोठी चिंता परस्पर मिटल्याचं ऐकून तो किती वेळ तुमच्याकडे बघत राहतो, ते पाहण्यासारखं असतं.

गाणी ज्यांनी लिहिली आणि बांधली, त्यांचाही काही हक्क असतो अशी एक समजूत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. आयपीआरएस नावाची गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून हे पैसे गोळा करते. धार्मिक विधीला मात्र कायद्याने सूट आहे. तेव्हा स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात सत्यनारायणाचा चौरंग मांडा, केळीचे खुंट बांधा आणि उजव्या कोपऱ्यात आयटम साँग होऊ द्या. प्रसादाचं सौजन्य डेंटल क्लिनिकला द्या, शिऱ्यात साखर भरपूर असते.

सगळ्यात उपयोगी पडतो तो मात्र ध्वनिप्रदूषणाचा नियम. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देता येते, पण तुमची तारीख त्या पंधरांत नाही ना, याची आधी खात्री करून घ्या. कार्यक्रम सहाचा जाहीर करा. वादकांना चारला साऊंड चेकला बोलवा. साडेसातला पाहुणे येतात, मग दीपप्रज्वलन. माचिस ओली निघते. मग चषकाचं बक्षीस वितरण, मॅन ऑफ द सिरीजला सायकल, मग सत्कार. शाली कमी पडल्या तर घाबरू नका, पहिल्या सात सत्कारमूर्तींच्या शाली मागच्या बाजूने परत फिरवता येतात, नारळ तर येतातच. मग आमदार दोन शब्द बोलतात. नऊ वाजून दहा मिनिटांनी गणेशवंदना सुरू होते. पाच गाणी होतात, सहाव्याला ढोलकी रंगात येते, मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहतात, आणि गेटवर पोलिसांची गाडी उभी राहते. ती कुणाच्या फोनवरून आली, हे कुणाला सांगू नका.

आता स्टेजमागे जा. कीबोर्डवाला वायर गुंडाळत असेल. चेहरा जमेल तितका पाडा. "बघितलंस ना काय झालं ते. कार्यक्रम अर्धाच झाला. मंडळाची पोरं म्हणतात पैसे अर्धेच द्या. मी भांडलो तुझ्यासाठी." तो म्हणेल, आम्ही चारपासून बसून आहोत. त्याचं बरोबर आहे, बरोबरच म्हणा. बरोबर म्हणायला पैसे पडत नाहीत. मग पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच त्याला देऊन टाका, तोंडी.

एवढ्यावर बहुतेक जण जातात. एखादा थांबतो, ऑक्टोपॅडवाल्याच्या मुलीची फी भरायची आहे वगैरे सांगतो. अशांसाठी चेकबुक जवळ ठेवा. रक्कम पूर्ण लिहा, हात आखडू नका, नाव विचारून शुद्धलेखनासह लिहा, पोरांसमोर लिहा. सही मात्र सुवाच्य, मराठीत, खाली दोन रेघा मारून करा. बँकेत तुमची इंग्रजी आहे.