पाकिटात पाकीट, पाकिटात राष्ट्राध्यक्ष

पेनसिल्व्हेनियातल्या मतदाराला चार वर्षांतून एकदा अधिक महिन्यातल्या जावयाचा मान मिळतो. माणसं दारात येतात, नाव घेऊन चौकशी करतात, काय हवं-नको विचारतात. फरक इतकाच, की जावयाला तेहतीस अनारसे मिळतात आणि मतदाराला चकचकीत कागदावरची पत्रकं. त्यातल्या निम्म्यांवर विरोधी उमेदवाराचा मुद्दाम काळवंडवलेला, दात विचकलेला फोटो असतो.

कारण साधं आहे. राष्ट्राध्यक्ष व्हायला ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्याराज्यांना वाटून दिलेली मतं, लागतात आणि बहुतेक राज्यांचा कौल आधीच माहीत असतो. २०२४ मध्ये खऱ्या अर्थानं अधांतरी होती सात राज्यं, आणि त्यांत सगळ्यांत मोठं आमचं, १९ मतांचं. २०१६ साली इथला फरक ४४,२९२ मतांचा होता, २०२० साली ८०,५५५ चा, आणि २०१६, २०२०, २०२४ अशा तिन्ही वेळा राज्यानं कूस बदलली. डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत गेलं, की एडिसनच्या मराठी मंडळींना कुणी हिंग लावून विचारत नाही. तिथं १९९२ पासून डेमोक्रॅटच जिंकतात, त्यामुळे दोन्ही पक्षांच्या लेखी ते मतदार आटोपले. इकडं मात्र ४ नोव्हेंबर २०२४ ला, मतदानाच्या आदल्या दिवशी, ट्रम्प आणि हॅरिस दोघंही रेडिंगमध्ये आणि दोघंही पिट्सबर्गमध्ये. रेडिंग म्हणजे लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव. डोंगरावर एक जपानी धाटणीचा पॅगोडा आहे, तो पाहून झाला की पाहुणे घड्याळाकडं बघू लागतात.

या मानपानाचा पहिला हप्ता फोनवर येतो. सप्टेंबरपासून मेसेज सुरू होतात आणि प्रत्येकात लोकशाही रात्री बारा वाजता संपणार असते. ती वाचवायला सात डॉलर पुरतात. ‘माझा नंबर यांना दिला कुणी?’ असं म्हणून त्रागा करण्यात अर्थ नाही. इथं राज्य सरकारच अख्खी मतदारयादी २० डॉलरला देतं. तिच्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, नोंदवलेला पक्ष आणि कुठल्या निवडणुकीत मत दिलं, कुठल्यात दांडी मारली, सगळं असतं. कुणाला दिलं, तेवढं सोडून. म्हणजे शेजारच्या बाईंनी मागच्या वेळी आळस केला होता हे एका मोठ्या पिझ्झाच्या पैशात कळू शकतं. काही संस्था तर ‘तुमच्या गल्लीत कुणी मत दिलं, कुणी नाही’ असं पत्रच घरी धाडतात. पुण्यात असं पत्र आलं असतं, तर गल्लीत मतदान नाही पण हाणामारी शंभर टक्के झाली असती.

जाहिरातीचे फोन बंद करणारी जी सरकारी नोंदवही आहे, तिच्यातून राजकीय फोनांना सूट आहे. ‘स्टॉप’ असं उत्तर धाडलं, तर तो एक पाठवणारा थांबतो. त्याच्याकडून यादी घेतलेले बाकीचे चालूच राहतात. खरा उपाय एकच. टपालानं मत लवकर देऊन टाकायचं. कुणाचं पाकीट पोचलं याची यादी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी कचेरी, रोज अद्ययावत करते आणि पक्ष ती रोज पाहतात. तुमचं नाव ‘आलं’ या रकान्यात गेलं, की दारावरची टकटक थांबते. मात्र पूर्वी एकदा देणगी दिली असेल, तर सुटका नाही. मतदार एकदाच मत देऊ शकतो, देणगीदार मरेपर्यंत देऊ शकतो.

देणगीवरून आठवलं. आपल्या लोकांत नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि एच-१बी व्हिसावाले असे तीन थर आहेत. ग्रीन कार्डवाल्याला उमेदवाराला पैसे देता येतात, मत देता येत नाही. दिलं तर गुन्हा, वर हद्दपारीची टांगती तलवार. एच-१बीवाल्याला दोन्ही वर्ज्य. जाहिराती पाहण्यावर मात्र कुणालाही बंदी नाही.

आणि भांडण्यावरही. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आणि दिवाळी कायम एकमेकींच्या आसपास येतात. २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि ५ तारखेला मतदान होतं, म्हणजे फराळाची निमंत्रणं नेमकी प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात. एका कोपऱ्यात करांचे दर पाठ असलेला दवाखानावाला डॉक्टर, दुसऱ्या कोपऱ्यात कॉलेजातून आलेली मुलगी, जिचा गर्भपाताच्या हक्कावर वडिलांशी आणि गाझावर दोन्ही उमेदवारांशी वाद आहे. मधे वीस वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला गृहस्थ. सर्वांत तावातावानं तोच बोलतो. दोन पक्षांत मतभेद असतील तर वाद घालता येतो. इथं दोघांच्या टीव्हीवर दोन वेगळ्या वाहिन्या असतात, त्यामुळे एकाला जे घडलं ते दुसऱ्याच्या घरी घडलेलंच नसतं. यजमानीण बाई ‘चकली कशी झालीय?’ असं तिसऱ्यांदा विचारतात, तरी दोन्ही गट तिच्यावर एकमत व्हायला तयार नसतात. मुलाकडं सहा महिने राहायला आलेले काका सर्वांना पेनसिल्व्हेनियाचं जातीय गणित समजावून सांगतात.

‘पण काका, तुमचं मत कुठं आहे?’

‘माझं? कोथरूडला.’

खरी फाळणी हवी असेल, तर या राज्यात पेट्रोलपंपाला लागून असलेल्या दुकानांवरून आहे. पूर्वेकडचे लोक वावाचे, पश्चिमेकडचे शीट्झचे. उमेदवार दुसऱ्या टोकाला जाऊन चुकीच्या दुकानाचं कौतुक करून बसला, तर कुठलाही जाहीरनामा त्याला वाचवू शकत नाही.

अंगणातल्या पाट्यांचंही एक शास्त्र आहे. नेहमीची पाटी १८ बाय २४ इंचांची, पन्हळी प्लॅस्टिकची, आणि तिला एच आकाराची तार. तारेची वरची दोन टोकं पाटीच्या आतल्या उभ्या नळ्यांत सरकवायची आणि खालची पायानं दाबून जमिनीत रोवायची. हातोडी मारली की तार वाकते. माती कोरडी असेल, तर आदल्या दिवशी पाणी घालावं. रस्त्यालगतची पट्टी बहुधा सरकारी असते, तिथली पाटी टाऊनशिपचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, माणूस उचलून नेतो, आणि मालक दुसऱ्या पक्षानं चोरली म्हणून फेसबुकवर शंख करतो. निवडणूक संपल्यावर हे प्लॅस्टिक रोजच्या रिसायकलच्या डब्यात सहसा चालत नाही. तारा मात्र ठेवून द्याव्यात. पुढच्या उन्हाळ्यात मिरचीच्या रोपांना आधार होतो, आणि मिरची कुठल्या पक्षाच्या तारेवर चढली याचा तिच्या तिखटपणावर परिणाम होत नाही.

‘आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही,’ असं अभिमानानं सांगणाऱ्यांना हे राज्य एक छोटी शिक्षा देतं. इथली प्राथमिक फेरी बंद दाराची आहे. नोंदणीत पक्ष लिहिला असेल तरच त्या पक्षाचा उमेदवार निवडण्यात भाग. बरं, पक्ष लिहूनही काय हाती लागतं? २०२४ ची फेरी होती २३ एप्रिलला. बायडन आणि ट्रम्प दोघांनीही उमेदवारीला पुरेसे पक्षप्रतिनिधी १२ मार्चलाच गोळा केले होते. तरी रिपब्लिकन मतदारांपैकी दीड लाखाहून जास्त लोकांनी निकी हेली यांना मत दिलं, आणि त्यांनी तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच माघार घेतली होती. वैतागाची इतकी शिस्तबद्ध मोजणी दुसरीकडं पाहायला मिळत नाही.

आता मुख्य प्रकरण: टपाली मत. कारण न देता टपालानं मत देण्याची सोय इथं २०१९ च्या ७७ क्रमांकाच्या कायद्यानं आली. विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं, गव्हर्नर डेमोक्रॅट. दोघांनी मिळून केलेला कायदा. पुढं त्याला मत दिलेल्या रिपब्लिकन आमदारांपैकीच काही जण तो घटनाबाह्य आहे म्हणून कोर्टात गेले. २०२२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला, आणि २०२४ मध्ये त्याच पक्षानं आपल्या लोकांना टपालानं मत द्या म्हणून विनवलं. असो.

अर्ज मतदानाच्या सात दिवस आधी पोचला पाहिजे. घरी येते मतपत्रिका आणि दोन पाकिटं. काळ्या किंवा निळ्या शाईनं गोल पूर्ण भरायचा. बरोबरची खूण, फुली, हसरा चेहरा यांतलं काही नको. घडी घालून आधी गुप्ततेच्या पाकिटात. त्या पाकिटावर अक्षरही लिहायचं नाही. ओळख पटेल अशी खूण सापडली, तर मत बाद. ते बंद करून बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलात, तर अशा मताला इथं उघडं मत म्हणतात आणि २०२० सालापासून न्यायालयाच्या निकालानं ते बाद आहे. आयकराचं विवरणपत्र बिनचूक भरणारी, तीन-तीन पदव्या घेतलेली माणसं इथं घसरतात, कारण दुसरं पाकीट ही छपाईची चूक आहे असं समजून ती त्यात किराणा मालाची कुपनं ठेवतात.

तारखेची कथा याहून रम्य आहे. पाकीट कधी आलं हे काउंटी स्वतःच बारकोड वाचून नोंदवते, त्यामुळे मतदारानं लिहिलेल्या तारखेचा कुणालाच काही उपयोग नसतो. तरी २०२४ च्या निवडणुकीपर्यंत तारीख नाही म्हणून हजारो मतं बाजूला पडली. कुणी सहीची तारीख म्हणून स्वतःची जन्मतारीख लिहिली. चुका टाळाव्यात म्हणून २०२४ च्या प्राथमिक फेरीत सालाचे ‘२०’ हे दोन आकडे आधीच छापले. काहींनी पुढचे दोन लिहिलेच नाहीत. नोव्हेंबरच्या पाकिटांवर शेवटी अख्खं ‘२०२४’ छापून टाकलं. आपल्या मंडळींना इथं एक खास सापळा आहे: आपण दिवस आधी लिहितो, इथं महिना आधी. दहा ऑक्टोबरच्या सवयीनं लिहिलेल्या आकड्यांनी बिघडत नाही, पण पाच ऑक्टोबरचा मे महिना होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल अपील न्यायालयानं तारखेअभावी मत बाद करणं घटनाबाह्य ठरवलं. तरी माझं ऐका, तारीख घाला. वकिलांचा काही भरवसा नाही.

पाकीट मतदानाच्या रात्री आठपर्यंत कचेरीत पोचलं पाहिजे. टपालाचा शिक्का आधीचा असून चालत नाही. ती सवलत लष्करी आणि परदेशात असलेल्या मतदारांना. आणि आपलं पाकीट आपणच टाकायचं. अपंग मतदारानं लेखी नेमलेला प्रतिनिधी सोडला, तर नवऱ्यानं बायकोचं पाकीट पेटीत टाकणंही बेकायदा आहे. ‘ऑफिसला जाताय तर जाता जाता एवढं टाका,’ हे वाक्य ज्या संसारांचा पाया आहे, त्यांची इथं पंचाईत होते. चूक झालीच, तर ती दुरुस्त करू द्यायची की नाही हे ६७ काउंट्या आपापलं ठरवतात; २०२४ मध्ये एक फोन करून बोलवायची, शेजारची पाकीट मुकाट्यानं बाजूला ठेवायची. केंद्रावर जाऊन मत द्यायचं मनात आलं, तर मतपत्रिका आणि बाहेरचं पाकीट, दोन्ही बरोबर न्या आणि जमा करा. नाहीतर तात्पुरतं मत, जे पडताळणी झाल्यावरच मोजतात, म्हणजे आणखी एक पाकीट.

केंद्रावरचा प्रकार त्या मानानं सोपा. वार मंगळवारच, १८४५ च्या कायद्यानं ठरला, रविवार चर्चचा आणि प्रवास घोडागाडीचा होता तेव्हा. सुट्टी नाही. सकाळी सात ते रात्री आठ, आणि आठला रांगेत असलात तर मत देता येतं. खोलीपासून दहा फुटांवर दोन्ही पक्षांचे लोक नमुना मतपत्रिका घेऊन उभे असतात. त्या घ्याव्यात, कारण २०१९ च्या त्याच कायद्यानं एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देण्याची सोय गेली आणि ऑडिटर जनरल नेमकं काय करतो हे आयत्या वेळी आठवत नाही. मिशिगनवाल्यांपुढं तर बऱ्याच काउंट्यांत गटार आयुक्ताचीही निवडणूक असते, तीही पक्षाच्या चिन्हासकट. टेक्सासात रेल्वे आयुक्त निवडतात. त्याचा रेल्वेशी संबंध नाही, तो तेल आणि वायू बघतो.

मग मोजणी. आलेली टपाली पाकिटं मतदानाच्या सकाळी सातच्या आधी उघडायची नाहीत, असा इथला कायदा आहे. फ्लोरिडा ती आधीच उघडून तयार ठेवते, म्हणून रात्रीच मोकळी होते. २०२० मध्ये आमच्याकडं मंगळवारी मतदान आणि शनिवारी अंदाज पक्का, आणि त्या चार दिवसांत निम्म्या देशानं बाकीच्या निम्म्याला चोर ठरवलं. कायदा तसाच आहे. दोन्ही पक्षांना तो बदलायचा आहे, पण बदल्यात आणखी काहीतरी हवं आहे. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षाचा निकाल दुसऱ्या पहाटेच लागला, पण सिनेटच्या जागेवरचा फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला. मग कायद्यानं फेरमोजणी, आणि बिनतारखेची पाकिटं धरायची की नाहीत यावर कोर्टकज्जा. डेमोक्रॅट सिनेटर केसी यांनी हार मानली २१ नोव्हेंबरला. कॅलिफोर्नियात तर प्रतिनिधिगृहाच्या तेराव्या मतदारसंघाची जागा १८७ मतांच्या फरकानं सुटायला ३ डिसेंबर उजाडला.

कोथरूडच्या काकांचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. महाराष्ट्राच्या २८८ जागांची मोजणी २३ तारखेला दिवसभरात उरकली, आणि काकांनी फोन करकरून ते इथल्या सर्वांना ऐकवलं. मुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला झाला, तेव्हा मात्र त्यांचा फोन आला नाही.